कोंबडीशिवाय कोंबडीची चव

कळंब्याच्या रस्त्यावर एक लिंगायत वेफर्सवाले बसायचे. प्रत्येक घाण्यातला एक वेफर कानाशी मोडून आवाज ऐकायचे, मगच मीठ मारायचे. नव्वदच्या सुमारास आमच्या दाजींनी इंग्लंडहून वेफर्सची पाकिटं आणली, त्यातलं एक मी या वेफर्सवाल्यांना दाखवलं. वर भाजलेल्या कोंबडीचं चित्र होतं.

"आत कोंबडी नाही, नुसती चव आहे. तसं छापलंय," मी म्हणालो.

त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावून एक वेफर कानाशी मोडला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

"कसा आहे?"

"कुरकुरीत हाय. पण पावणं, मी जन्मात कोंबडी खाल्ली न्हाय. ह्येंनी चव बरोबर धरलीया का न्हाय, ह्ये मला कसं कळायचं?"