माडबेटचे पंतप्रधान

लोकशाही पूर्णपणे समजलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि त्याने समजावून सांगितल्यापासून ती मला कायमची समजेनाशी झाली. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तरुणपणी सोलापूर सोडून इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, बायको इथलीच केली आणि इथलेच झाले. त्यांचा मुलगा लहानपणी मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. म्हणून मामांनी त्याला खेळायला एक देश काढून दिला. माडबेट. हिंदी महासागरात कुठेतरी असलेलं बेट, राष्ट्रभाषा मराठी, आणि जर्मन बोलणाऱ्याला धक्क्यावरूनच परत पाठवायचं असा कायदा. मुलाने थोडा विचार केला आणि परदेशातच राहायचं ठरवलं. आता तो म्युनिकला असतो. पण देश काढून झाला होता, तो काही परत ठेवता येईना. तेव्हापासून मामा माडबेटचे पंतप्रधान आहेत, आणि ओळखीतली सगळी मराठी माणसं, त्यांना न विचारता, नागरिक.

मामांना स्वतःला गावच्या तळ्यातल्या होडीत बसलं तरी मळमळतं. पण आरमाराचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. देशाची घटना त्यांच्या डोक्यात आहे आणि झोप झाली की बदलते. राजधानी एकदा उत्तरेला असते, एकदा दक्षिणेला, आपण चूक दाखवायला जावं, तर "आल्झो, म्हणजे असं बघा, मधे स्थलांतर झालं ना!" म्हणून आपल्यालाच वेड्यात काढतात. एकदा मी कामावरून येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभा होतो, तेवढ्यात त्यांचा फोन आला. "जावईबापू, राजीनामा द्या."

"कशाचा, मामा?"

"मासेमारी खात्याचा. जाळ्यांच्या खरेदीत घोळ झालाय."

मी जन्माचा शाकाहारी. आपण त्या खात्याचे मंत्री आहोत हे मला त्याच क्षणी कळलं. मी मुकाट्याने राजीनामा दिला, आणि उतरेपर्यंत मला खरोखरच तोंड लपवावंसं वाटत होतं.

निवडणुका वेळच्या वेळी होत, आणि मामा बिनविरोध येत. मागच्या खेपेला मात्र जेवणाच्या टेबलावर मामींनी भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "अहो, मी बी हुबी राहणार." मामींचं मराठी सोलापूरच्या सासूबाईंकडून थेट उचललेलं आहे, निळ्या डोळ्यांच्या बाईच्या तोंडून ते ऐकताना नवा माणूस घास विसरतो. मामा म्हणाले, "तुला आमच्या देशाचं काय कळतंय?" मामी म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमच्या मंत्र्यास्नी जेवाय कोण घालतंय?" याला घटनेत उत्तर नव्हतं.

पुढचे दिवस मोठ्या गोंधळात गेले. मामांनी बेटाभोवती रेल्वेचं आश्वासन दिलं, मामींनी प्रत्येक मंत्र्याने आपलं ताट आपण घासावं असं. माझी बायको भाची म्हणून मामांकडे होती आणि बाई म्हणून मामींकडे. मी नेमका कुणाकडे आहे हे मला दोन्ही बाजूंनी वेगवेगळं कळवण्यात आलं. मतदान त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, टॉवेलच्या आडोशाला. पेटी म्हणून प्रेशर कुकर. मामांनी जर्मन पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला दोन मतं दिली, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्ष कोणते, हे मात्र आयत्या वेळी कुणालाच आठवेना, त्यांनाही नाही. शेवटी फक्त उमेदवारांची मतं मोजली. सगळी मामींना. मामांना एकही नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, मामांना बाकीचे देतीलच. "पण मामा, तुमचं स्वतःचं?" बायकोने विचारलं. मामा ओशाळून म्हणाले, "स्वतःलाच मत द्यायचं? कसं दिसतं ते?"

त्यांनी मामींचं रीतसर अभिनंदन केलं, आपलं ताट घासलं आणि गप्प झाले. कित्येक आठवडे फोन नाही. मला मंत्रिपद नाही, राजीनामा नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा मी मामींना म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खेळच तर आहे. मामी म्हणाल्या, "खेळ न्हाई. त्यांचा पासपोर्ट अजून तिकडचाच हाय. हितं मत देता येत न्हाई, तिकडं मतदानाला कधी रजा मिळाली न्हाई. उभ्या जन्मात बोटाला शाई लागली न्हाई त्यांच्या." हे सगळं घरातच असून मला कधी दिसलं नव्हतं.

पुढे इथली, खरी, निवडणूक आली. त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे होतो. मामी मत द्यायला शाळेकडे निघाल्या, तर मामा इस्त्रीचा शर्ट आणि कोट चढवून बरोबर. दर वेळी जातात म्हणे. आत जायला त्यांना कुणाची मनाई नव्हती. तरी ते फाटकाशी, केस नीट करत, उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मामी बाहेर आल्या तसे ते दोन पावलं पुढे झाले.

"दिलंस?"

"दिलं."

"कुणाला?"

"सांगायचं नसतंय, अहो."

मामांचा चेहरा एकदम खुलला. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "सांगायचं नसतंच." आणि तिची पर्स आपल्या हातात घेऊन तिच्या बरोबरीने चालू लागले. मी मागून येत होतो. त्या दोघांपैकी मतदान करून घरी कोण निघालं होतं, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.