केळीतली बिबटीण

आमच्या निर्मळच्या वाडीतल्या बिबट्याचा फोटो काढणारा माणूस मीच.

तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो आणि कॅमेरा घेतला. म्हटलं, आपल्याच वाडीतले पशुपक्षी टिपू. पण मेले एका जागी बसतील तर शपथ! बुलबुल टिपायला जावं, तर फोटोत नुसती फांदी. निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर एकदा दुर्मीळ घुबड टाकलं, तर माझाच जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, ते नारळाचं सोडण आहे, नुसती साल." (दोनदा नापास केला होता मी त्याला!)

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. बायको, सुमन, पहाटेपासून राबत होती. मी मागच्या पडवीत कॅमेरा घेऊन बसलेलो. आणि केळीच्या पानांआड पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके! हललं! घाईघाईनं सात फोटो काढले. सातही धूसर. तसेच ग्रुपवर टाकले.

"बिबट्याच!"

"मादी आहे. पोट बघा, गाभण दिसते."

"मानलं सर तुम्हाला!" हे तोच नापास विद्यार्थी म्हणाला. माझी छाती फुगली.

अर्ध्या तासात फोटो गावभर. शेजारच्या रोझी मावशी कुंपणापलीकडून ओरडल्या, "सर, मी कोंबड्या घरात घेतल्या. तुम्ही सुमनला घ्या!"

मग सुमनला फोनवर फोन. "नाही हो येत आम्ही. जिवापेक्षा हळदीकुंकू मोठं का?"

सुमन कडाडली, "चाळीस बायकांची डाळ वाटलीय मी! ती काय आता तुमची बिबटीण खाणार? दाखवा तो फोटो!"

तिनं चष्मा लावून फोटो पाहिला, कोयता उचलला आणि सरळ वाडीत शिरली.

"सुमन, नको गं! माझी शपथ!" मी दाराआडून ओरडलो. (कडी आतून लावलेली होती.)

दोन मिनिटांत ती बिबटीण हातावर टाकून परतली. ठिपक्याठिपक्यांचा गाऊन! वटवाघळं केळी खातात, म्हणून घडावर घरातला नकोसा कपडा बांधायची आमच्याकडे रीत. हे सगळ्या गावाला ठाऊक, फक्त जीवशास्त्राच्या सरांना नाही.

ही बातमीही गावभर झाली आणि संध्याकाळी चाळीसच्या चाळीस बायका आल्या. हळदीकुंकू राहिलं बाजूला, आधी गाऊन बघायचा!

"पण असला गाऊन आणला कोणी गं?" रोझी मावशींनी विचारलं.

"ह्यांनीच! लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. दुकानात तासभर पारखून घेतला म्हणे. मला काही घालायचं धाडस झालं नाही, शेवटी केळीला घातला."

हशा काही थांबेना. मी पन्हं वाटायला घेतलं. पेले तेवढे बरोबर ओळखले.