चिंचेनं घासलेली भाग्यदेवी

हयात माणसांपेक्षा अठराशे वर्षांपूर्वी गेलेल्यांची अधिक विचारपूस करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे मामेसासरे. चाळीस वर्षं कोलोनमध्ये राहून मामांना शेजाऱ्याचं नाव धड येत नव्हतं, पण कुठल्या रोमन सम्राटानं दाढी कधी राखली हे ते झोपेतही सांगत. त्यांची चांदीची नाणी बघायची तर आधी हात धुवायचे, नाणं फक्त कडेनं धरायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, कारण श्वासाची वाफ चांदीला बाधते. माझ्या नवऱ्याला एकदा शिंक आली, तर त्याला बाल्कनीत पाठवलं होतं. प्रत्येक चित्राचा अर्थ ते समजावत. एका नाण्यावर हातात हात होते, म्हणजे सैन्यातला एकोपा. "आल्झो, म्हणजे असं बघा, एकोपा असता तर नाण्यावर कशाला काढला असता?" असंही वर विचारत.

जीव मात्र फोर्तुना या भाग्यदेवीच्या नाण्यावर. तिच्या एका हातात फळा-धान्यानं भरलेलं शिंग, दुसऱ्यात सुकाणू. "ही आपली लक्ष्मीच समजा," असं ते येईल त्याला सांगत. तिच्यावर चढलेल्या काळसर छटेला ते नाण्याचं वय म्हणत आणि तिला कापडही लावू देत नसत. नाणेसंग्राहकांच्या मंडळानं बऱ्याच वर्षांनी त्यांना प्रदर्शनात एक टेबल दिलं, तेव्हा मधोमध हीच ठेवायची असं ठरलं.

त्याच आठवड्यात दिवाळी आली. मामी जन्मानं जर्मन, पण सांगलीच्या सासूबाईंनी शिकवलेलं त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाला आम्ही पोचलो, तर चौरंगावर फोर्तुना हळदकुंकू लावून लखलखत होती. मामींनी ती चिंच-मिठानं घासून काढली होती.

"अहो, तुम्हीच म्हणता ना, ही लक्ष्मी आहे? मग काळी कशी बसवू?"

मामांनी वाकून नाणं जवळून न्याहाळलं. मग त्यांनी हात जोडले आणि आरती सुरू केली.

प्रदर्शनात त्यांनी तीच मांडली. मंडळातले जाणकार नापसंतीनं माना हलवून पुढे गेले. शेजारच्या चिठ्ठीवर मामांनी जर्मनमध्ये लिहिलं होतं : 'माझ्या पत्नीने पूजेसाठी स्वच्छ केलेले.'

मामींना जाऊन आता तीन वर्षं झाली. चांदी आपोआप काळवंडू लागली आहे, हात लावू नका, जुना रंग परत येईल, असं मंडळातले मामांना सांगतात. गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा मामा स्वयंपाकघरात बाह्या सरसावून ते नाणं चिंचेनं घासत होते.

"ती मीठ किती घालायची गं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी चिमूटभर घातलं.