कॉम्प्रेसरचा आवाज

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्यावरून कुणाचं ना कुणाचं रक्त निघायचंच. टँकर आला की हंडे घेऊन धावलेल्या बायका तेच हंडे एकमेकींच्या डोक्यात घालायच्या. एकीच्या कानातलं कुणीतरी ओढलं, पाळी फाटली. तिनं पदर कानाशी धरला, पण दुसऱ्या हातातला टँकरचा पाइप काही सोडला नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. आलं की काही जण लाइनीला मोटर लावून सगळं ओढून घ्यायचे आणि बाकीच्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. त्यामुळं मोटर हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा झाला होता.

त्याच गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, मी आणि दादा बिल्डर लोकांसाठी इमारतींची मॉडेलं बनवायचो. दादा माझा थोरला भाऊ. शहर चहूकडं पसरत होतं. फुलंब्रीच्या रस्त्याला जिथं अजून ढेकळं होती, तिथली बारा मजल्यांची इमारत आमच्या टेबलावर आधी उभी राहायची. दादा प्लास्टिकची कडक शीट कापून भिंती जोडायचा, रंग माझ्याकडं.

हवेच्या जोरानं रंग फवारणाऱ्या एअरब्रशसाठी अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करणं हेच खरं काम. बाटलीतला रंग दह्यासारखा घट्ट, तो दुधाइतका व्हायला हवा. वाटीच्या कडेला लावला की सरळ ओघळला पाहिजे आणि मागं पातळ थर राहिला पाहिजे. टँकरचं खारं पाणी घातलं की रंग फाटायचा, गाठी नोजलमध्ये अडकायच्या. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी मी कॅननं आणायचे; रंगात ते आणि थोडं स्पिरिट मिसळायचे. दुपारी एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच रंग वाळायचा, म्हणून ऊन चढायच्या आत मारून घ्यायचा. नळालाही पाणी यायचं ते सकाळीच. एअरब्रशला हवा देणारा आमचा कॉम्प्रेसर पंक्चरच्या दुकानातून घेतलेला, जुना. तो सुरू झाला की पत्रे थरथरायचे.

त्या सकाळी मी मॉडेलमधल्या स्विमिंग पूलला निळा रंग देत होते. वर चकचकीत लॅकर मारायचा बाकी होता. दार एकदम आतच आलं. समोरच्या खोलीतला, गल्लीत सगळे ज्याला मामा म्हणायचे तो, लोखंडी सळई घेऊन उभा होता, मागं पाच-सहा जण. मामा सोयगावकडचा, मेंढरं राखणारा. चारा संपल्यावर मेंढरं विकून सेंट्रिंगच्या कामाला आलेला. आदल्या दिवशी टँकरवर त्याच्या बायकोचं डोकं फुटलं होतं, टाके पडले होते.

"मोटर कुठंय?"

"मोटर नाय मामा, रंगाचा कॉम्प्रेसर हाय," दादा म्हणाला. "आत या, बघा."

"मला शिकवू नको! लई दिवस ऐकतोय. पाणी आलं की तुमचं धडधड सुरू. माझी बायकू मेली असती काल!"

मागून कुणीतरी ओरडलं, "निकाल के फेको बाहर!"

दादा कॉम्प्रेसरच्या पुढं आडवा झाला. सळई त्याच्या हातावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. दादा खाली बसला तरी मामानं दुसरा घाव घातला, खांद्यावर. एकाचं लक्ष टेबलाकडं गेलं. "पोहायला पाणी हाय यांना!" म्हणत त्यानं पूलवर मूठ हाणली. शीट फुटली, तिच्या कडेनं त्याचा तळवा चिरला. मग त्यानं रागानं अख्खी इमारत उचलून जमिनीवर आपटली.

माझ्या हातात एअरब्रश होता. मामानं तिसऱ्यांदा सळई उचलली आणि मी त्याच्या तोंडावर ट्रिगर दाबला, सोडलाच नाही. त्याचे डोळे निळे झाले. स्पिरिट झोंबलं तसा तो किंचाळला.

"अ‍ॅसिड टाकलं! अ‍ॅसिड!"

कुणीतरी माझे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटला. तोंड रक्तानं भरलं.

तेवढ्यात डोक्याला पट्टी बांधलेली मामी धावत आली. नवरा डोळे चोळत गडाबडा लोळत होता. तिनं कोपऱ्यातला कॅन ओढला.

"हे पाणी हाय का?"

"हाय," मी रक्त थुंकत म्हटलं. "चांगलं हाय. धुवा लवकर."

तिनं सगळा कॅन त्याच्या डोळ्यांवर रिकामा केला. इकडं एकानं कॉम्प्रेसरची नळी उपटली. नळीतून जोरात वारा सुटला, त्याच्या अंगावर धूळ उडाली. थेंबभरही पाणी निघालं नाही. तो नळीकडं बघत राहिला, मग नळी खाली टाकून बाहेर गेला. एकेक करून बाकीचेही गेले. सॉरी कुणी म्हटलं नाही.

मामाचे डोळे वाचले. दादानं तक्रार दिली, मामा आत गेला, जामिनावर परत आला आणि पुन्हा समोरच राहू लागला. दादाचं हाड वाकडं जुळलं. दोन बोटांना जाणीव राहिली नाही, कटर सरळ चालेना. तो सळईएवढाच एक पाइप मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसायचा. माझ्या हातून बाटलीचं झाकण पडलं तरी खेकसायचा. एके दिवशी टँकरवर एका म्हाताऱ्याचा धक्का लागला म्हणून दादानं तोच वाकडा हात त्याच्या तोंडावर हाणला. म्हातारा चिखलात पडला. मी मध्ये पडले तर मलाही ढकललं.

त्या म्हाताऱ्याला उठवताना मी ठरवलं, ही गल्ली सोडायची. दादाला विचारलं नाही, सांगितलं.

सामान हलवायच्या दिवशी मी एकटीच कॉम्प्रेसर टेम्पोकडं ओढत होते. समोरून मामी आली.

"सोड, एकटीला नाय झेपणार."

"आमचं सामान हाय," दादा दारातून म्हणाला. "हात लावू नका."

तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. खाली वाकून दुसरी बाजू धरली आणि मला म्हणाली, "उचल."