पाण्यापलीकडची सूतगिरणी

तो मासे धरणाऱ्या घरातला आणि मी भाजीवाल्या घरातला. अनसिंगहून निघालेल्या एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही सूतगिरणीत पहिल्यांदा कामाला गेलो, आणि पहिल्याच दिवशी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, आम्हाला एकाच रिंगफ्रेमवर उभं केलं. मशीनच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला मी. मधे शेकडो चात्या गरगर फिरत असायच्या. धागा तुटला की पळत जाऊन सांधायचा. आवाज एवढा की बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही हातवारे करून बोलायला शिकलो. पुढं ती सवय इतकी अंगात मुरली, की बाजारातसुद्धा तो मला लांबून बोटांनीच विचारायचा, जेवलास का?

मग गिरणी बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. क्वार्टरच्या चार रांगा वर्षभरात रिकाम्या झाल्या. कुणी सुरतेला गेलं, कुणी इचलकरंजीला. आम्ही दोघं गेलो नाही. मी वाडीत वांगी-मेथी लावू लागलो आणि त्यानं बापाचा डोंगा पाण्यात लोटला.

गिरणी धरणाच्या पलीकडच्या काठाला होती. तिकडं जाणारा ठेंगणा पूल एका पुरात वाहून गेला. गिरणीच नाही तर पूल कुणासाठी, म्हणून तो कुणी बांधला नाही. मुरमाचा लांबचा रस्ता होता, पण सोपी वाट पाण्यातूनच. दिवाळीनंतर तलाव तुडुंब असायचा, टेकड्यांच्या पोटात आत आत शिरलेला. त्या दिवसांत आम्ही एक दिवस काढायचो. सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि डोंग्यातून काठाकाठानं सगळा तलाव फिरून दिवे लागायच्या आत परत यायचं.

वाटेत आधी धरण बांधणाऱ्यांची वसाहत लागायची. तिथं दगड फोडायचं क्रशर गंजून उभं होतं आणि साहेबांच्या बंगल्यात बोरीबाभळी माजल्या होत्या. पुढच्या वळणावर सरकी काढायचं जुनं जिनिंग होतं. पत्रे उडून गेलेले, भिंतीवर मात्र ‘विडी ओढू नये’ ही अक्षरं अजून ठळक. त्याच भिंतीला टेकून आम्ही भाकरी खायचो आणि विडी ओढायचो. त्या काठावर माणूस म्हणून कुणी दिसायचं नाही. पाणकावळे आणि आम्ही दोघं.

शेवटी गिरणी. पगार थांबल्यावर चौकीदारही निघून गेला होता, आणि मागच्या दाराचा कडीकोयंडा निखळलेला होता. माझा मित्र आत जाऊन आमच्या मशीनला तेल द्यायचा. खिशातून फडकं काढून धूळ पुसायचा. मग मला हाक मारायचा आणि आम्ही दोघं जोर लावून मोठी पुली हातानं फिरवायचो.

मी एकदा म्हटलं, “कायले एवढा खटाटोप करून राह्यला बे? आता काय सुरू होते हे?”

तो म्हणाला, “आन गिरणी झाली सुरू त? जाम झाली असन मशीन त सगळ्यायची खोटी होईन. आपल्या मशीनपाई काहून कोनाचं काम अडावं?”

मी हसलो. तोही हसला, पण त्याचा पुलीवरचा हात निघाला नाही.

पुढं एका वर्षी पावसानं ओढ दिली, आमची विहीर पौषातच आटली आणि वाडी वाळली. त्याच सुमारास बाहेरगावचा एक ठेकेदार माणसं शोधत आला. गिरणीची मशीनं भंगारात निघाली होती. त्याला उचलणारे हात खूप मिळत होते, पण कुठला बोल्ट आधी सोडायचा, कुठला भाग कशात अडकलाय, हे जाणणारा माणूस हवा होता. मी गेलो. घरात बसून वाळलेली वाडी पाहण्यापेक्षा बरं, असं मी बायकोला सांगितलं. मित्राला सांगितलं की मंगरूळपीरला गवंड्याच्या हाताखाली जातो.

तो म्हणाला, “जपून. पाठ सांभाळ तुही.”

रोज सकाळी ठेकेदाराची गाडी मला गावाबाहेर फाट्यावर घ्यायची. मी एकेक मशीन मोकळं करायचो, मागून गॅसकटरवाला तुकडे करायचा. आमचं मशीन मी मागं ठेवत गेलो. याच्याआधी ते करू, त्याच्याआधी हे, असं करत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्या लांबलचक शेडमध्ये ते एकटंच उभं राहिलं. ठेकेदार म्हणाला, याचं काय?

मी पाना घेऊन खाली बसलो. तेल दिलेलं असल्यामुळं बोल्ट अगदी सहज फिरले. बाकीच्या मशीनवर हातोडा मारावा लागला होता, इथं नाही. अर्धे बोल्ट निघाले तेव्हा दाराशी उजेड अडल्यासारखा वाटला. वर पाहिलं तर तो उभा होता. गिरणीकडं गाड्या जाताना त्यानं पाण्यातून पाहिल्या होत्या आणि डोंगा घेऊन आला होता.

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तो आत आला, मशीनच्या त्याच्या बाजूनं टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मी पाना हातात घेऊन तसाच बसून.

“मंगरूळपीर लई जवळ आलं,” तो म्हणाला.

“अरे, ऐक त खरं...”

“नाई, कर तू. थांबू नोको. दुसऱ्यानं तोडली असती त धसमुसळेपणा केला असता.” आणि तो निघून गेला. वल्ह्याचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत होतो. मग गॅसकटरवाल्यानं मला बाजूला सरकवलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. भांडण नव्हतं. माझ्या बायकोशी बोलायचा, पोरांची खुशाली विचारायचा. चांगला मासा लागला की मी घरी नसताना दारात ठेवून जायचा. मी दिसलो की मात्र मान खाली घालून वाट बदलायचा. मी हजारदा ठरवलं की जावं, पाय धरावे. त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा. दोन वर्षं अशी गेली.

मग त्याच्या सुरतेच्या पोरानं आईबापाला तिकडं न्यायचं ठरवलं. ते निघाले त्या सकाळी मी भाजीचं टोपलं घेऊन बसथांब्यावरच होतो. दोघं येताना दिसले आणि मी चहाच्या टपरीमागं सरकलो. बस यायला उशीर झाला. तो बॅगेवर न बसता उभाच होता, इकडंतिकडं पाहत. टपरीच्या फळ्यांच्या फटीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. फार वाळला होता तो. दहा पावलं चालायची होती मला. बस आली, त्यानं वैनीला आधी चढवलं, पायरीवर उभं राहून पुन्हा एकदा मागं पाहिलं, आणि बस गेली. टपरीवाला म्हणाला, “काहून लपले भाऊ?” मी टोपलं उचललं.

पुढच्या श्रावणात सुरतेहून फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं. अग्नीही देऊन झाला होता. मी फोन कानाला लावून वाफ्यात उभा होतो. पायाखाली मेथी तुडवली जात होती, ते मला बायकोनं ओढून बाहेर काढलं तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर वैनी आल्या, घर आवरायला. दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, “भाऊजी, मले एकडाव गिरणीत घेऊन चाला. जलमभर त्यायच्या तोंडून आयकली, आतून कई पाह्यली नाई.”

डोंगा आता त्याच्या पुतण्याकडं होता. तो मागून घेतला. वैनी मधे बसल्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. वसाहत आली, जिनिंग आलं. मी बोटानं दाखवत होतो, त्या नुसती मान हलवत होत्या.

शेडमध्ये काहीच उरलं नव्हतं. छताचे पत्रेही गेले होते. फरशीवर बोल्टांची भोकं, त्यांत माती आणि मातीत उगवलेला तरोटा. वैनी मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “कुठं उभे राहत ते?”

मला सांगता येईना. सगळी भोकं सारखीच. वीस वर्षं जिथं उभा राहिलो ती जागा मला सापडत नव्हती. शेवटी मी एका ठिकाणी बोट दाखवलं. “इथं.”

त्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या. चप्पल काढून. डोळे मिटून. मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “वैनी, मशीन म्याच खोललं. आन तुमी गेले त्या दिवशी मी टपरीमागं व्हतो.”

“मशीनचं मले ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “टपरीचंबी ठाऊक हाय. त्यायनं पाह्यलं व्हतं तुमाले. मी म्हनलं, हाक मारा ना. त म्हने, राहू दे. लाजून राह्यला तो. आपल्या मनानं येईन.”

मी बाहेर आलो आणि गवतात बसून लहान पोरासारखा रडलो. वैनी बराच वेळ आतच होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला उगी केलं नाही, की दोषही दिला नाही.

“चाला भाऊजी,” त्या म्हणाल्या, “वारं सुटून राह्यलं.”

येताना वारा समोरून होता. डोंगा पुढं सरकायला फार वेळ लागला.