काळ्या मातीचा दोष

आंजीच्या रस्त्यावर ओल्या चुन्याचा वास आला आणि मी गाडी थांबवली. मजूर काळ्या मातीत चुना कालवून रस्त्याचा पाया घट्ट करत होते. चुन्याने ही माती फुगायची थांबते, हे मला नोकरीला लागतानाही ठाऊक होतं. तरी पलीकडच्या गावचा माझा पहिला रस्ता मी घाईघाईत नुसता मुरूम टाकून उरकला होता. एकाच पावसाळ्यात तो मुरूम चिखलात गडप झाला.

पाहणीला गेलो तेव्हा पोटऱ्यांपर्यंत रुतत, बूट हातात घेऊन गावात शिरलो. पहिल्याच घरातली म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन लगबगीने बाहेर आली. हा रस्ता कोणी केला, हे तिला माहीत नव्हतं.

“पाय धुऊन घ्या साहेब,” ती ओशाळून म्हणाली. “आमची मातीच अशी हाये, कोनाचा रस्ता टिकू देत नाई. तुमाले उगाच तरास झाला.”

ती वाकून माझ्या पायावर पाणी ओतू लागली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

“हो ना, आजी,” मी म्हणालो, आणि दुसरा पाय पुढे केला.