शालनची फुंकर

अर्बाबच्या, म्हणजे माझ्या ओमानी मालकाच्या, गोदामात मी स्पेअर पार्टचे खोके रचत होतो तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, कम फास्ट, आई..." एवढंच बोलली. तिचं मराठी तसंही तोकडं, त्या दिवशी तेही संपलं. अर्बाबने माझं तोंड बघितलं, गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, "यल्ला." जन्मभर मी त्याची गाडी चालवली, त्या दिवशी तो माझा ड्रायव्हर झाला. इस्पितळात पोचलो तर शालन खलास... हाच शब्द तोंडात आला, दुसरा सापडला नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात. राग मात्र सुधारू नये, तो आहे तसा छापावा.

शालन माझी बायको. दार्सैतच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन, आणि देवळात येणाऱ्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिने शिवलेली ब्लाऊज. मुलगी लग्न होऊन अल हैलला गेली तशी घरात बोलायला कोणी उरलं नाही. एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, मी कॉलेजात नाव घातलंय. रक्त काढायचा कोर्स आहे, संध्याकाळचा." मला वाटलं चेष्टा करते. म्हटलं, "या वयात लोकांना टोचणार?" तर म्हणते, "इतकी वर्षं कापडाला टोचलं, कापड कधी ओरडलं का?" अल घुब्रातलं हे कम्युनिटी कॉलेज. तिथे दाताच्या डॉक्टरांच्या मदतनीस, एक्स-रेवाल्या, व्यायाम करून घेणाऱ्या, सगळ्या शिकतात. वर्गात ही सगळ्यांत म्हातारी. इंग्रजी शब्द मशीनवर चिकटवून पाठ करायची. पोरींचे पांढरे कोट ढगळ होते, ते हिने मापात करून दिले. शिकवणाऱ्या मॅडमचाही कोट हिनेच आखूड केला, बटणं नवी लावली. मॅडम आपल्याच, पुण्याच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

घरी सुई आणायची परवानगी नव्हती. म्हणून ती नुसता रबरी पट्टा घेऊन यायची. कामावरून आलो की मला खुर्चीत बसवायची, दंडाला पट्टा बांधायची, आणि परकराच्या नेफ्यात हरवलेली दोरी चाचपावी तशी माझी शीर शोधायची. सापडली की तोंडावर जे काही यायचं... ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मग स्पिरिटचा बोळा फिरवायची, एक हलकी फुंकर मारायची, आणि सुईच्या जागी पेनाचं टोपण टेकवायची. "दुखलं का?" "टोपणाने काय दुखणार गं?" "मग तोंड कशाला वाकडं करताय?" ही फुंकर तिला कोणी शिकवली नव्हती. पोरीचा गुडघा फुटला की, माझा हात इंजिनावर भाजला की, आधी फुंकर, मग औषध. आपल्याकडची कुठली बाई फुंकर न मारता औषध लावते?

प्रात्यक्षिक परीक्षेला मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. कॉलेजचा म्हातारा ओमानी पहारेकरी त्या दिवशी पेशंट म्हणून बसला होता. शालनने पट्टा बांधला, शीर एका दमात शोधली, जागा पुसली. आणि फुंकर मारली. पुसलेल्या जागेवर फुंकलं की जंतू बसतात, ती चूकच. मी नाही म्हणत नाही. पण मॅडम सगळ्या वर्गासमोर काय म्हणाल्या? "काकू, हे काय चुलीवरचं दूध आहे का? तुम्ही घरीच बसा, तेच बरं." पोरी हसल्या, हिने शिवलेले कोट घालून हसल्या. पहारेकरी बिचारा म्हणत होता, "माफी मुश्किल, माफी मुश्किल", काही बिघडलं नाही म्हणून. बिघडलं होतं. शालनने पट्टा सोडला, त्याचं मनगट नीट खाली ठेवलं आणि बाहेर आली. नापास झालेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायची सोय होती, चुकलेल्या दुसऱ्या दोघींना दिलीसुद्धा. ही विचारायला गेली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता आराम करा हो काकू."

तिने पट्टा मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवला, परत काढला नाही. मशीनवरचे इंग्रजी शब्द नखाने खरवडून काढले. पुढे पोटाचं दुखणं निघालं, तेही उशिरा. मॅडमनी तिला मारली असं मी म्हणत नाही, आजार आजाराच्या वाटेने आला. पण इस्पितळात कोणी रक्त काढायला आलं की ती भिंतीकडे तोंड करायची. माझी शालन, जी शीर सापडल्यावर हसायची... ते भिंतीकडे वळलेलं तोंड मॅडमच्या खात्यावर आहे. ते मी पुसू देणार नाही.

तेराव्यानंतर देवळाच्या हॉलमध्ये चार लोक जमले. तिथे मॅडम उठून बोलल्या, "आमची आदर्श विद्यार्थिनी." डोळ्याला रुमालही लावला. देवळात होतो म्हणून सोडलं. मग मुलीने सांगितलं की कॉलेजच्या दारात आईचा फोटो लावलाय, हार घालून, खाली मोठ्या अक्षरात इंग्रजीत, शिकायला वय नसतं. ॲडमिशन चालू होती ना!

नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मला बोलावलं, शाल द्यायला. गेलो. मुद्दाम गेलो. मॅडमनी तोच कोट घातला होता, शालनच्या बटणांचा. मला म्हणाल्या, "काका, दोन शब्द बोला." मी म्हटलं, "आधी तुम्ही बोला. माझी बायको नापास कशी झाली ते या पोरींना सांगा." "काका, आता ते कशाला?" "सांगा." शेवटी हळू म्हणाल्या, "फुंकर मारली म्हणून." "आणि तुम्ही काय म्हणालात?"  मग ते वाक्य मीच बोललो, दुधासकट. कोणी हसलं नाही. मॅडमचं तोंड पडलं, ते मी डोळे भरून बघितलं. मग खुर्चीवर चढून दारातला फोटो उतरवला. खुर्ची त्या पहारेकऱ्यानेच धरली. हार तिथेच ठेवला, फोटो मांडीवर घेऊन टॅक्सीने घरी आलो. मन हलकं झालं का, असं मुलीने विचारलं. नाही झालं. पण गेल्याचा पस्तावाही नाही.

गेल्या आठवड्यात माझी साखर तपासायला गेलो. एक तरणी पोरगी, केरळची असावी. तिने पट्टा बांधला, जागा पुसली. मी नेहमीसारखी वाट बघितली. कोण फुंकणार? मग मीच वाकून फुंकर मारली. ती दचकली. हिंदीत म्हणाली, "अंकल, ऐसा नहीं करते, फिर से पोंछना पडेगा." म्हटलं, "पोंछो, बेटा." तिने नवा बोळा घेतला, परत पुसलं, रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितलं.

बास, एवढंच करायचं होतं, मॅडम... परत पुसायचं.